पक्ष कुणाच्या वावरात उगवला?



शेजारच्या देशात उलथापालथ झाली की आपले पुढारी छाती फुगवतात. पाकिस्तानात आजवर एकाही पंतप्रधानाला पाच वर्षांची मुदत पुरी करता आली नाही. बांगलादेशात ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीनांना देश सोडावा लागला. "बघा, आपली लोकशाही किती पक्की!" असे म्हणून टाळ्या घेतल्या जातात. टाळ्या वाजवण्याआधी जरा हिशेब मांडू.

१९४७ साली इंग्रज गेला तेव्हा दोन्हीकडे कायदा तोच, कलेक्टर तोच, फौजदार तोच. फरक होता तो पक्षांत. १९२० साली आपल्या नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. चार आण्यात सभासद, भाषावार प्रांतसमित्या, खाली जिल्ह्या-तालुक्यापर्यंत बांधणी, असे तिथे ठरले. सत्ता हाती येण्याआधी सत्तावीस वर्षे हा पक्ष गावात मुळ्या धरत होता. मुस्लिम लीगचे तसे नव्हते. पश्चिम पंजाबात वजन होते बड्या जमीनदारांचे. वारा फिरला तसे त्यातले बरेच लीगमध्ये शिरले. जीना १९४८ साली वारले, लियाकत अलींचा १९५१ साली खून झाला, आणि पक्षात उरले जमीनदार. मुळ्या वरवरच्या असल्या की पावसाने ताण देताच पऱ्हाटी माना टाकते. १९५८ साली लष्कराने सत्ता घेतली तेव्हा आडवा येणारा पक्षच नव्हता. सर्व प्रौढांच्या मतांवर देशभर पहिली निवडणूक व्हायला तिथे १९७० उजाडले.

पूर्व बंगालची गोष्ट तर कापूस पिकवणाऱ्याने ध्यानात ठेवावी अशी. तिथले नगदी पीक ताग. तागाने परकी चलन मिळवायचे आणि कारखाने पश्चिमेत उभे राहायचे. १९५४ साली तिथल्या संयुक्त आघाडीने एकवीस मागण्यांचा जाहीरनामा काढला. पहिली मागणी बंगाली भाषेची. त्यातच तागाला रास्त भाव हीही मागणी होती. लोकांनी सत्ताधारी लीगचा धुव्वा उडवला. कराचीच्या सरकारने दोन महिन्यांच्या आत ते मंत्रिमंडळ बरखास्त केले. १९७० साली अवामी लीगला पूर्वेतल्या १६२ पैकी १६० जागा मिळाल्या. तरीही सत्ता दिली नाही. १९७१ साली देश फुटला.

पण मुळ्या धरलेला पक्षही एका घराच्या दावणीला बांधला जातो. त्याच अवामी लीगच्या मुजीबुर रहमानांनी १९७५ साली बाकीचे पक्ष बंद केले. पुढे पक्ष मुलीकडे गेला. श्रीलंकेत राजपक्षे बंधूंचे राज्य आले. एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद झाली. भाताचे पीक बसले. पक्षात "थांबा" म्हणण्याची कुणाची छाती झाली नाही. २०२० साली २२५ पैकी १४५ जागा जिंकलेला तो पक्ष २०२४ साली तीन जागांवर आला.

आता आपल्या घरात पाहू. नागपूरला घटना करणाऱ्या काँग्रेसने १९७२ नंतर वीस वर्षे पक्षांतर्गत निवडणूकच घेतली नाही. बाकीच्या पक्षांतही तालुकाध्यक्ष खालून निवडला जात नाही, वरून नेमला जातो. त्यात १९८५ साली पक्षांतरबंदी आली. पक्षाने आदेश काढला की आमदार-खासदाराने तसेच मत द्यायचे, नाहीतर जागा जाते. मग विषय सरकार वाचवण्याचा असो की कापसाच्या आयातीचा. मजा अशी की एकट्याने उडी मारली तर गुन्हा. दोनतृतीयांश कळपाने दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचे म्हटले तर वाट मोकळी.

ज्या पाकिस्तानला आपण नावे ठेवतो, तिथेही असा कायदा आहे. पण तिथे ही सक्ती पंतप्रधानाची निवड, विश्वास-अविश्वास, अर्थविधेयक आणि घटनादुरुस्ती एवढ्यापुरतीच. बाकी विषयांवर तिथला खासदार कायद्याने मोकळा आहे, आपला नाही. आपल्याकडे दिनेश गोस्वामी समितीने १९९० सालीच ही सक्ती आवरती घ्या असे सुचवले होते. एकाही सत्ताधारी पक्षाने ते मनावर घेतले नाही. कसे घेतील? दावे सैल करणारा मालक कुणी पाहिला आहे?

म्हणून उमेदवार गावात आला आणि "मी तुमचा आवाज सभागृहात उठवीन" म्हणाला, की त्याला बसायला घोंगडी द्या, पाणी द्या आणि तीन प्रश्न विचारा. तुझ्या पक्षात तालुकाध्यक्ष कोण निवडतो? पक्षाचा खर्च कोण करतो? आणि ज्वारी-कापसाच्या भावावर पक्षाचा आदेश आमच्या विरुद्ध आला, तर तू हात कुणाच्या बाजूने वर करणार?

उत्तर द्यायला तो चाचरला, तर त्याचा आवाज त्याच्याजवळ नाही हे समजून घ्या. जिल्हा मेळाव्यात ठराव करायचा तो हाच: सरकार टिकवण्याचे मत सोडून बाकी प्रत्येक मतावरचे हे दावे सोडा.