कॅलेंडरातलं जंगल

आमच्या बैठकीच्या खोलीत एक तैलचित्र आहे. लाल-केशरी झाडांचं दाट जंगल, मधून गेलेली पाऊलवाट, खाली पानांचा सडा. मीच काढलंय, एका जुन्या कॅलेंडरवरून. येणारे-जाणारे कौतुक करतात आणि विचारतात, "कुठलं हो हे?" मी आपली "परदेशातलं" म्हणून मोकळी होते. परवा शेजारची सहावीतली मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही गेला होता तिथं?" मला उत्तर सुचेना.

आमच्या महिला मंडळाच्या प्रदर्शनातही हेच जंगल दरवर्षी तीन-चार जणींच्या चित्रांत भेटतं. ती झाडं मेपलची, थंड मुलखातली. सप्टेंबर-ऑक्टोबरात ती लाल होतात तेव्हा आपल्या शिरोळात डोक्याच्या वर हिरवागार ऊस उभा असतो. आपली पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली. आपल्याकडची झाडं पाणी वाचवायला पानं टाकतात, म्हणून आपलं जंगल भडक न होता धुळकट होतं. सागाचं पान तपकिरी होऊन कागदासारखं वाजतं. पळस उघडा होतो आणि मग फुलतो. आणि लालच हवा असेल, तर परसातला बदाम बघा ना! गळायच्या आधी त्याचं पान कुंकवासारखं होतं. आपण ते रोज झाडून टाकतो.

हे रंगवणं मेपलपेक्षा अवघड आहे, हे मी कबूल करते. यलो ऑकर, बर्न्ट सिएना हेच रंग जास्त लागतात. ट्यूबमधला लाल तसाच लावला की झाड पेटल्यासारखं दिसतं. त्यात किंचित हिरवा मिसळला की तो जरा मरतो आणि पान पान वाटायला लागतं. दूरची झाडं फिकट निळसर ठेवायची. पहिला हात टर्पेंटाइननं पातळ, वरच्या हातांना जवसाचं तेल जास्त. उलटं केलं तर पुढं चिरा पडतात. बाकी तैलरंग बायकांच्या फार सोयीचे. भाकऱ्या थापून परत आलं तरी ओलेच असतात!

कोल्हापूरचे आबालाल रहिमान हे शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार. १९३१ साली ते गेले. मुंबईला जे. जे. मध्ये शिकून आलेला हा माणूस, पण त्यांनी रंगवलं ते रंकाळा आणि कोटितीर्थ, घराजवळचंच. टाऊन हॉलच्या संग्रहालयात त्यांची चित्रं आहेत. कोल्हापूरला खरेदीला गेलात तर तासभर काढून बघाच.

मग आपण कॅलेंडर का उतरवतो? कल्पना नाही म्हणून? मला नाही तसं वाटत. कॅलेंडर स्वयंपाकघरातल्या खिळ्याला असतं. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे बघता येतं. खरं झाड बघायचं तर त्याच्यासमोर दोन तास बसावं लागतं. पुरुष नदीच्या घाटावर दुपारभर बसला तर त्याला कुणी काही विचारत नाही. बाई बसली की "कुणाची वाट बघताय?" मला विचारलंय, तेही दोनदा. वाडीला दर्शनाला जाते म्हटलं की कुणी अडवत नाही. झाड बघायला जाते म्हटलं की घरातले सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. देव, दवाखाना आणि माहेर सोडून बाईला बाहेर पडायला चौथं कारण का असू नये?

यंदा माघात आम्ही आठ जणी गाडी ठरवून जंगलात जाणार आहोत. आधी दाजीपूर निघालं होतं, पण तिथलं रान बरंचसं सदाहरित. म्हणून सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर ठरलं, ते कोरडं आणि पानगळीचं. डबे घरून, रंग ज्याचे त्याने.

ह्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "तिथं महादेवाची देवळं आहेत ना? बरं झालं, दर्शनही होईल."

आहेत. पण देवळाला जातोय असं घरी सांगून कुणीही यायचं नाही, असं आमचं ठरलंय.