खांद्याच्या ऑपरेशनआधी मुरमांचे मलम कशासाठी?



उंब्रजहून एका भगिनीने आम्हाला एक प्रश्न विचारला आहे. त्यांचे पती हायवेवर मोटारसायकलवरून पडले, उजव्या खांद्यातला रोटेटर कफ फाटला आणि आता कराडला ऑपरेशन ठरले आहे. सर्जननी ऑपरेशनच्या आधी काही दिवस खांद्याला लावायला बेन्झॉइल पेरॉक्साइडचे जेल लिहून दिले. मेडिकलवाला म्हणाला, "हे तर मुरमांचं औषध आहे." झाले, घरात चर्चा सुरू. चिठ्ठी चुकली की काय? सासऱ्यांना तर वाईटच वाटले. "आपण पाच वेळा वुजू करणारी माणसं, आपल्या अंगावर जंतू कुठले?"

चिठ्ठी चुकलेली नाही आणि वाईट वाटून घेण्याचेही कारण नाही. खांद्याचे ऑपरेशन आज पुष्कळ घरांत होते, म्हणून हे सगळे नीट समजून घेऊ या.

आपल्या त्वचेवर जंतू राहतात. ते घाणीमुळे येत नाहीत. ते प्रत्येकाच्या अंगावर असतात आणि एरवी आपले काही बिघडवत नाहीत. नापाकी वेगळी आणि जंतू वेगळे. गुस्ल केलेला माणूस पाक असतोच, पण त्याच्या त्वचेच्या आतले जंतू तिथेच असतात. त्यांतला एक म्हणजे क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस. तरुणपणी तोंडावर येणाऱ्या मुरमांशी ज्याचा संबंध आहे तो हाच. त्याला तेल आवडते आणि हवा नको असते. म्हणून तो त्वचेच्या वर कमी आणि केसांच्या मुळाशी असलेल्या तेलाच्या ग्रंथींत जास्त राहतो. अशा ग्रंथी चेहरा, पाठ, छाती आणि खांद्यावर भरपूर असतात. पुरुषांमध्ये हा जंतू बायकांपेक्षा जास्त सापडतो.

ऑपरेशनच्या टेबलावर डॉक्टर क्लोरहेक्सिडिन किंवा आयोडीनने त्वचा पुसून घेतात. वरचे जंतू त्याने मरतात. ग्रंथीच्या तळाशी बसलेल्यापर्यंत ते औषध पुरेसे पोहोचत नाही. चाकूने त्वचा उघडली की ग्रंथीही उघडते आणि तो जंतू आत, हाडाजवळ जाऊ शकतो. तिथे स्क्रू, अँकर, प्लेट किंवा कृत्रिम सांधा असेल तर त्याला चिकटून तो स्वतःभोवती चिकट थर तयार करतो. मग गोळ्या-इंजेक्शने त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाहीत.

बेन्झॉइल पेरॉक्साइड इथे कामाला येते. ते तेलात मिसळून ग्रंथीत उतरते आणि तिथे ऑक्सिजन सोडते. ज्याला हवा सोसत नाही त्याला हाच मार. शिवाय अँटिबायोटिकला जंतू सरावतात तसे या औषधाला सरावत नाहीत. स्वीडनमधल्या संशोधकांनी निरोगी माणसांच्या खांद्यावर हे जेल लावून पाहिले. २०१८ साली छापलेल्या त्या अभ्यासात खांद्यावरचे हे जंतू कमी झालेले दिसले. इतर ठिकाणच्या तपासण्यांतही तसेच आढळले. जंतू कमी झाले म्हणजे धोका शून्य झाला असे नाही, पण स्वस्त आणि घरी करता येण्यासारखा हा उपाय आहे.

आता घरात काय करायचे ते सांगतो.

जेल किती दिवस आणि दिवसातून किती वेळा लावायचे हे सर्जन सांगतील तसेच. मनाने जास्त टक्क्यांचे आणू नये. साबणाने अंघोळ करून खांदा कोरडा करावा आणि मग पुढून, मागून, दंडाच्या वरच्या भागाला व काखेत पातळ थर लावावा. पाठीमागे रुग्णाचा हात पोहोचत नाही, म्हणून पत्नीने किंवा मुलाने लावून द्यावे आणि नंतर हात धुवावेत. जखम किंवा खरचटलेल्या जागेवर लावू नये. थोडी कोरड, थोडी लाली चालते. फोड, सूज किंवा फार खाज आली तर थांबवून डॉक्टरांना कळवावे. हे औषध कपड्यांचा रंग उडवते. जुना पांढरा बनियन घालावा, उशीला पांढरा अभ्रा घालावा. काळ्या बुरख्याला किंवा ईदच्या कुर्त्याला डाग पडला तर तो धुऊन जाणार नाही.

दुसरी गोष्ट केसांची. काखेतले केस काढणे ही सुन्नत आहे, म्हणून ऑपरेशनच्या आदल्या रात्री आठवणीने वस्तरा फिरवणारे बरेच असतात. हे टाळावे. वस्तऱ्याने न दिसणारे बारीक काप पडतात आणि तिथे जंतू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनात ऑपरेशनच्या जागी वस्तरा वापरू नये असे स्पष्ट आहे. केस काढणे अगदी गरजेचेच असेल तर ते मशीनने कापावेत. काखेतले केस कापल्याने खांद्याचा हा जंतू कमी होत नाही, असेही तपासणीत दिसले आहे. हदीसमध्ये या केसांसाठी चाळीस दिवसांची मुदत आली आहे. तेव्हा घाई नाही. ऑपरेशनची तारीख ठरली की निदान आठवडाभर वस्तरा बाजूला ठेवावा.

ऑपरेशनच्या दिवशी अंघोळीनंतर तेल, पावडर, अत्तर काही लावू नये. दंडावर किंवा गळ्यात ताईत, काळा दोरा असेल तर घरीच काढून ठेवावा.

तिसरी गोष्ट, डॉक्टरांना आपण होऊन सांगायच्या बाबी. साखरेचा आजार असेल तर ती आधी आटोक्यात आणावी. तंबाखू, मिश्री, विडी बंद करावी, त्याने जखम भरायला वेळ लागतो. गेल्या तीन महिन्यांत दुखण्यासाठी खांद्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतले असेल तर नक्की सांगावे, कारण त्याने इन्फेक्शनचा धोका वाढतो. खांद्यावर फोड किंवा खरूज असेल तर लपवू नये, ऑपरेशन थोडे पुढे गेले तरी चालेल. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून आधीच सुरू करू नये. त्याचे इंजेक्शन चाकू लावण्याच्या आधी साधारण तासाभरात हॉस्पिटलमध्येच दिले जाते आणि ती वेळच महत्त्वाची असते.

घरी आल्यावर हात झोळीत असतो. वुजू कसा करायचा, ही काळजी मोठ्यांना असते. पट्टी ओली करू नये. पट्टीवर ओला हात फिरवण्याची, म्हणजे मसहची सवलत शरियतने दिलेली आहे आणि पाण्याने अपाय होत असेल तिथे तयम्मुम आहे. बारकावे आपल्या आलिमांना विचारावेत. नमाज बसून, इशाऱ्यानेही होते. सजद्यासाठी खांद्यावर भार देऊ नये.

शेवटची गोष्ट सर्वांत जास्त लक्षात ठेवायची. हा जंतू फार हळू वाढतो. ताप येत नाही, पू येत नाही, जखम वरून छान भरलेली दिसते. रक्ताची तपासणीही चांगली येऊ शकते. फक्त खांदा दुखत राहतो, आखडतो. हे महिन्यांनी, कधी वर्षा-दोन वर्षांनीही सुरू होते. अशा वेळी "ऑपरेशन झालंय, दुखणारच" किंवा "हा कामाला कंटाळतो" असे म्हणून घरच्यांनी सोडून देऊ नये. ज्यांनी ऑपरेशन केले त्यांच्याकडेच परत जावे. आतल्या पेशींचा नमुना तपासायला पाठवला तर तो किती दिवस ठेवणार हे विचारावे. नेहमीचे जंतू दोन-चार दिवसांत दिसतात. याला दहा ते चौदा दिवस लागू शकतात. आधीच "काही नाही" असा रिपोर्ट आला तर तो खरा धरता येत नाही.

घरातला कमावता हात वर्षभर दुखत राहिला की फी, किराणा, हप्ता सगळेच अडते. तेवढ्यासाठी चार दिवस जेल लावणे आणि वस्तरा बाजूला ठेवणे हे काही जड काम नाही. शिफा देणारा अल्लाह आहे, काळजी घेणे आपल्याकडे आहे.