कोणी दाबलं? की कधीपासून?

आमच्या घरात एखादी वस्तू बिघडली, की ती दुरुस्त कशी करायची हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न ठरलेला : ‘कोणी हात लावला होता?’ मिक्सरचं भांडं अडकलं तरी हाच, गीझर बंद पडला तरी हाच. आणि कॉम्प्युटर बिघडला, की तर विचारूच नका. घरातला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघायला लागतो.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. आमचा कॉम्प्युटर हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी असतो. मुलाचा अभ्यास, नवऱ्याचे हिशेब, माझं सोसायटीचं कामकाज आणि सासूबाईंची कीर्तनं असं सगळं त्या एकाच डब्यावर चालतं. एका संध्याकाळी लाइट बिल भरायला बसले, तर रोजचं गूगलचं पान गायब. त्याच्या जागी कुठलंतरी अनोळखी शोध-पान. नाव कधी न ऐकलेलं, वर एक भिंग, खाली हवामान आणि ‘तुमचा कॉम्प्युटर स्लो झालाय का?’ अशी जाहिरात. मी सेटिंगमध्ये जाऊन गूगल परत लावलं. बंद करून उघडलं, तर पुन्हा तेच पान हजर! कोपऱ्यातून जाहिरातींच्या पाट्या टकटक उगवत होत्या त्या वेगळ्याच.

मीही लगेच घरचा ठरलेला प्रश्न विचारला, ‘कोणी काय दाबलं यावर?’

मुलगा म्हणाला, ‘मी नाही.’ नवरा म्हणाला, ‘तूच काहीतरी दाबलं असशील.’ सासूबाई काही बोलल्या नाहीत. वाती वळत बसल्या होत्या, तशाच वळत राहिल्या.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्यानं न बघताच निदान केलं, ‘व्हायरस आहे मॅडम. फॉरमॅट मारावा लागेल.’ फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून टाकणं. त्यात आमचे पंधरा वर्षांचे फोटो. सर्दी झाली म्हणून नाक कापायचं का? मी म्हटलं, थांबा जरा. आणि पुण्यात याच क्षेत्रात नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीला फोन लावला.

ती म्हणाली, ‘मावशी, फॉरमॅट-बिरमॅट काही नको. कोणीतरी तुझा ब्राऊझर पळवलाय, एवढंच. याला ब्राऊझर हायजॅकर म्हणतात. आणि कोणी दाबलं ते विचारू नकोस. कधीपासून होतंय ते सांग.’

कधीपासून? मला काय माहीत! मी आज पाहिलं. आणि तेव्हा वातींच्या ताटामागून आवाज आला, ‘दिवाळीच्या आधीपासून.’

सासूबाईंनी ते पान दिवाळीच्या आधीच पाहिलं होतं. पण आपल्याच हातून काहीतरी झालं असं वाटून त्या गप्प राहिल्या. ‘म्हटलं, मी हात लावला की बिघडतो असं म्हणाल तुम्ही.’ पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेली ही बाई, आणि स्वतःच्या घरात तिला एवढं सांगायचा धीर झाला नाही. पुढचं तर त्याहून भयंकर होतं. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. त्याबद्दल विचारायला त्यांनी त्याच पानावर बँकेचा फोन नंबर शोधला. सगळ्यात वर जो नंबर आला, तो लावला. पलीकडचा माणूस गोड बोलला. मग म्हणाला, मोबाइलवर एक ॲप घ्या, म्हणजे मला तुमची स्क्रीन दिसेल, दोन मिनिटांत काम करून देतो.

‘मग?’ मी घाबरून विचारलं.

‘मग काय! तो सारखा “लवकर करा, लवकर करा” म्हणायला लागला. परीक्षेत अशी घाई करणारं पोर कॉपी करत असतं, हे मला कळत नाही होय? ठेवला मी फोन.’

देवानं वाचवलं म्हणायचं की त्यांच्या मास्तरकीनं, ते तुम्हीच ठरवा. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. पैसे गेले असते म्हणून तर खरंच, पण गेले असते तरी त्या कदाचित बोलल्या नसत्या, म्हणून जास्त.

हा हायजॅकर करतो तरी काय? आपण कॉम्प्युटरवर इंटरनेट बघतो ते क्रोम, एज, फायरफॉक्स यांसारख्या ब्राऊझरमधून. हा पाहुणा त्याचं पहिलं पान आणि शोधयंत्र बदलतो. आपण काहीही शोधलं, की तो शोध त्याच्या पानावरून फिरून जातो आणि जाहिरातींवर आपण जितक्या टिचक्या मारू तितके पैसे त्याच्या मालकाला मिळतात. म्हणून तो कॉम्प्युटर बंद पाडत नाही. उलट तो चालू राहण्यातच त्याचा धंदा असतो. हा चोर घर फोडत नाही, गल्लीतल्या पाट्या फिरवून ठेवतो. आपण बँकेच्या पाटीकडे बघत जातो आणि भलत्याच्याच दुकानात पोहोचतो. बँकेचे खोटे नंबर साध्या शोधातही सापडतात, हे खरं. पण पाट्याच दुसऱ्याच्या ताब्यात असल्या की फसण्याची वाट सोपी होते.

हा प्रकार नवाही नाही. 2003 मध्ये ‘कूलवेबसर्च’ नावाच्या अशाच उपद्रवानं जगभरच्या लोकांना हैराण केलं होतं. तेव्हा नेदरलँड्समधल्या मेरायन बेलेकॉम या विद्यार्थ्यानं तो काढून टाकणारं साधन तयार केलं. त्याचंच ‘हायजॅकधिस’ हे दुसरं साधन वर्षानुवर्षं लोक फुकट वापरत होते. 2017 मध्ये ‘चेक पॉइंट’ या सुरक्षा कंपनीनं ‘फायरबॉल’ नावाच्या हायजॅकरची लागण जगात 25 कोटी आणि एकट्या भारतात अडीच कोटींहून जास्त कॉम्प्युटरना झाल्याचा अंदाज दिला. मायक्रोसॉफ्टनं हा आकडा फुगवलेला असल्याचं म्हटलं. पण निम्म्याचे निम्मे धरले, तरी शरम वाटून घेण्याचं कारण उरत नाही. इतक्या घरांत जे होतं, ते कुणा एका सासूबाईंच्या बोटामुळे होत नाही!

तर भाचीनं फोनवरून मला एकेक पायरी चढवली. तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून क्रमानं सांगते.

आधी विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘ॲप्स’ आणि त्यात ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ उघडायचं. यादी नावाप्रमाणे न लावता तारखेप्रमाणे लावायची. ज्या सुमारास त्रास सुरू झाला, त्या तारखेला काय आलंय ते बघायचं आणि अनोळखी वाटेल ते ‘अनइन्स्टॉल’ करायचं. पण नाव कळत नाही म्हणून सरसकट उपटायचं नाही. काही कंपनीचे आवश्यक भागही विचित्र नावांचे असतात. शंका आली तर नाव कागदावर लिहून आधी जाणकाराला विचारायचं.

मग ब्राऊझरमधलं ‘एक्स्टेन्शन्स’चं पान. तिथे आपण न घेतलेलं जे काही चिकटलं असेल ते ‘रिमूव्ह’. नंतर ‘सर्च इंजिन’ आणि ‘ऑन स्टार्टअप’ या दोन जागी आपलं नेहमीचं पान परत लावायचं. कोपऱ्यात उगवणाऱ्या पाट्यांसाठी ‘नोटिफिकेशन्स’मध्ये जाऊन अनोळखी साइटना दिलेली परवानगी काढायची. कधीतरी ‘अलाऊ’ दाबलेलं असतं, त्याची ती फळं. डेस्कटॉपवरच्या ब्राऊझरच्या चित्रावर उजवी टिचकी देऊन ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘टार्गेट’ बघायचं. तिथे शेवटी एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तो पुसायचा.

एवढ्यानं भागलं नाही तर क्रोममध्ये ‘रीसेट सेटिंग्ज’ आहे. त्यात आपले बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत, हे मला माहीतच नव्हतं. भीतीपोटी मी त्या बटणाकडे कधी बघितलंही नव्हतं. 

आमच्याकडे एक गंमत झाली. ब्राऊझरच्या मेनूत खाली लिहिलेलं होतं, की हा ब्राऊझर तुमची संस्था चालवते. आमच्या घरात कुठली आली संस्था! भाची म्हणाली, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हे दिसणं बरोबर. कधी कधी अँटिव्हायरसमुळेही दिसतं. पण घरी असं अचानक दिसलं, तर पाहुण्यानं कुलूप बदललंय का ते तपासायचं. सेटिंग पुन्हा पुन्हा जुन्यावर जायचं कारण हेच होतं. त्यासाठी ‘ॲडडब्ल्यूक्लीनर’ हे मालवेअरबाइट्स कंपनीचं फुकट साधन वापरलं, तेही कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घेऊन. कारण ‘हायजॅकर काढून देतो’ म्हणणाऱ्या जाहिरातींतही बरेच हायजॅकर लपलेले असतात. शेवटी ‘विंडोज सिक्युरिटी’त नको असलेली ॲप्स अडवण्याची सोय चालू केली, पूर्ण स्कॅन केला आणि महत्त्वाचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदलले. दीड तास लागला. फोटो जागच्या जागी!

आता तारखेची गोष्ट. यादी तारखेप्रमाणे लावली, तर 17 ऑक्टोबरला एकदम तीन प्रोग्रॅम आलेले दिसले. हवामानाचा एक, ‘शोध सहायक’ म्हणवणारा एक आणि पीडीएफची वर्ड फाइल करून देणारा एक. 17 ऑक्टोबर... त्या दिवशी सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त दुरुस्त करायला कोण बसलं होतं? मीच! फुकट प्रोग्रॅम मिळाला म्हणून खूश होऊन ‘नेक्स्ट, नेक्स्ट, आय ॲग्री, फिनिश’ असं सटासट दाबत गेले होते. मधल्या पानावर दोन चौकोनांत आधीच बरोबरच्या खुणा केलेल्या असणार. मी वाचलंच नव्हतं.

घराला ‘कोणी दाबलं?’ विचारणारी मी, आणि दाबणारीही मीच. सासूबाईंनी मात्र माझ्या चुकीचं ओझं महिनाभर वाहिलं.

मी हे हॉलमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. नवऱ्याच्या चेहऱ्यावर ‘म्हटलं नव्हतं?’ आलंच. येऊ दे. सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘अगं, मग आधी नाही का बघायचं!’ पण त्यांचा आवाज मोकळा झाला होता.

मला वाटतं, असे प्रोग्रॅम करणाऱ्यांना आपल्या घरांची ही रीत चांगली ठाऊक असावी. खूण आधीच करून ठेवायची, नकाराचं बटण फिकट आणि बारीक ठेवायचं, म्हणजे नंतर माणूस स्वतःलाच दोष देतो. ‘तुम्हीच तर होकार दिला!’ पण न वाचता येईल अशा जागी ठेवलेला होकार हा होकार कसा? आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2023 च्या नोव्हेंबरात फसव्या मांडणीच्या अशा 13 प्रकारांची यादी करून त्यांना मनाई केली. त्यात दिशाभूल करणारी बटणं आहेत, फिरवून विचारलेले प्रश्न आहेत आणि ‘तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय’ अशी खोटी भीती घालणंही आहे. म्हणजे ही आपल्या वेंधळेपणाची नव्हे, त्यांच्या लबाडीची गोष्ट आहे, हे सरकारनंही मान्य केलंय. नियम कागदावर आले, अंमल व्हायला वेळ लागेल. 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तक्रार तरी करूया. आणि पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. त्याच मिनिटाला 1930 लावा. तिथे जितका उशीर, तितकी पैसे अडवण्याची आशा कमी.

यावर कुणी म्हणेल, की मग वाचून दाबायला शिका. शिकायलाच हवं, मीही शिकतेय. आता फुकट काही घेताना ‘कस्टम’ हा पर्याय निवडते आणि प्रत्येक चौकोन वाचते. पण घरात पाच माणसं असली, की कधीतरी कोणीतरी घाईत दाबणारच. त्या दिवशी घर कसं वागेल, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रागावणाऱ्या घरात बिघाड लपतो. लपलेला बिघाड महिनाभर मुरतो. आज सासूबाई गप्प बसल्या, उद्या मुलगा गप्प बसेल, आणि त्याच्या बाबतीत गोष्ट फक्त शोध-पानाची असेल असं नाही.

म्हणून आमच्या कॉम्प्युटरच्या बाजूला मी एक चिठ्ठी डकवली आहे. त्यावर दोन ओळी आहेत. ‘बँकेचा नंबर पासबुकवरून किंवा कार्डाच्या मागून घ्यावा.’ आणि ‘वेगळं काही दिसलं तर लगेच सांगावं. कोणी रागावणार नाही.’ दुसरी ओळ सासूबाईंनी वाचली आणि शिक्षिकेच्या सवयीनं पेन घेऊन तीत दुरुस्ती केली. आता तिथे आहे, ‘सूनबाईंसह कोणी रागावणार नाही.’