काडी मोडल्याचा पुरावा

१/
विवाह संपल्याचे सांगण्यासाठी मराठीत निदान तीन शब्द आहेत आणि तिन्हींची कुळकथा वेगळी आहे. 'फारकत' हा 'फारिगखती'चा मराठी अवतार. म्हणजे हक्क सोडल्याचा लेख. 'काडीमोड' या शब्दात चारचौघांसमोर काडी मोडून नाते तोडण्याची जुनी खूण शिल्लक आहे. न्यायालयांनी स्वीकारलेला 'घटस्फोट' मात्र मुळात विवाहाचा शब्दच नव्हता. पतिताला जातीबाहेर काढताना घट फोडण्याचा तो विधी होता.

२/
हा धागा चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशाविषयी आहे. येथे अनेक विवाह आजही पहिल्या वा तिसऱ्या शब्दाने संपत नाहीत, दुसऱ्याच्या रीतीने संपतात: गावाच्या साक्षीने, कागदाविना. मग पुढे पोटगी, वारसा किंवा वनजमिनीचा प्रश्न आला, की ती काडी मोडली होती हे सिद्ध कोणी करायचे?

३/
आरंभ १९१६ पासून करणे सोयीचे. त्या वर्षी आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्याचा भाग होता; तो स्वतंत्र जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. गोंडांमध्ये विवाहविच्छेदाला मोकळीक आहे, परंतु तो क्वचितच घडतो, असे हा ग्रंथ नोंदवतो. कारण आर्थिक होते: नवी पत्नी आणायची तर पुन्हा खर्च. स्त्री दुसऱ्या पुरुषाकडे गेली, तर त्याने पहिल्या पतीचा विवाहखर्च भरून द्यायचा.

४/
समाजमाध्यमांवर 'मुक्त आदिवासी स्त्री'चे जे गोड चित्र फिरत असते, त्याने या नोंदीचा उरलेला भाग वाचलेला नसतो. स्त्रीला सोडण्याच्या कारणांत तिची मुले वारंवार दगावणे आणि ती चेटकीण असल्याचा संशय हेही आहेत. भरपाईचा व्यवहार दोन पुरुषांमध्ये होतो. वाट मोकळी होती हे खरे. ती समान होती असे मात्र म्हणता येत नाही.

५/
त्याच काळात मुंबईची न्यायालये काय करत होती? १८६४ च्या 'रेग. वि. करसन गोजा' खटल्यात, पतीच्या संमतीविना स्त्रीने त्याला सोडून दुसरा विवाह करण्याची जातिरूढी मुंबई उच्च न्यायालयाने अनैतिक म्हणून नाकारली. १८७६ च्या 'रेग. वि. शंभू रघू' मध्ये सांगितले गेले, की विवाह रद्द ठरवण्याचा वा स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. पंचांनी मोकळी केलेली स्त्री कायद्याच्या दृष्टीने बांधलेलीच राहिली. व्हिक्टोरियन नीतीला ब्राह्मणी शास्त्राचा इतका सोयीस्कर आधार क्वचितच मिळाला असेल.

६/
चांदा मुंबईच्या अधिकारक्षेत्रात नव्हता. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि १८७५ मध्ये मध्य प्रांत कायदे अधिनियम आला. त्याचे कलम ५ असे: विवाह, वारसा इत्यादी बाबींत हिंदूंना हिंदू कायदा, मुसलमानांना मुस्लिम कायदा, परंतु विरुद्ध रूढी प्रचलित असेल तर ती मान्य. कलम ६ असे: ज्यासाठी तरतूद नाही तेथे 'न्याय, समता आणि सद्सद्विवेक'. हे सहावे कलम लक्षात ठेवावे. दीडशे वर्षांनी ते पुन्हा भेटणार आहे.

७/
मग आला १९५५ चा हिंदू विवाह कायदा. त्याच्या कलम २(२) नुसार, केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. कलम २९(२) ने ज्यांना कायदा लागू आहे त्यांचाही रूढीने विवाहविच्छेद मिळवण्याचा हक्क शाबूत ठेवला. काडीमोड त्यामुळे कायद्याच्या पोटातही जिवंत राहिला आणि कायद्याबाहेरही.

८/
याचा स्थानिक परिणाम विलक्षण आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. ज्यांनी त्या दिवशी हिंदू धर्म सोडला, त्यांना हिंदू विवाह कायदा लागूच राहिला, कारण कलम २ मध्ये बौद्धांचा समावेश आहे. शेजारच्या टोल्यावरील गोंड कुटुंबाने धर्माच्या रकान्यात 'हिंदू' लिहिले तरी, अनुसूचित जमात म्हणून ते या कायद्याबाहेर. एका गावात, एकाच विहिरीवर पाणी भरणाऱ्या दोन स्त्रियांना वेगवेगळा कायदा.

९/
म्हणूनच अहेरीत वा गडचिरोलीत वकिलाकडे कोणी विभक्त होण्याविषयी विचारायला आले, तर पहिला प्रश्न 'कारण काय?' हा नसावा. 'विवाह कोणत्या रीतीने, कोणत्या कायद्याखाली झाला?' हा असावा. विशेष विवाह कायद्याखाली नोंद झाली असेल तर विच्छेदही त्याच कायद्याने. दोघेही आदिवासी आणि विवाह रूढीने झालेला असेल, तर कलम १३ खालील छापील अर्ज भरून देणे म्हणजे अशिलाचे पैसे आणि वर्षे वाया घालवणे. अशा वेळी योग्य मार्ग सहसा वेगळा असतो: रूढीनुसार विवाह संपला आहे, असे न्यायालयाकडून घोषित करून घेण्याचा दावा. कौटुंबिक न्यायालये अधिनियम १९८४ च्या कलम ७ मध्ये वैवाहिक स्थितीच्या घोषणेचा अधिकार आहे. जेथे असे न्यायालय नाही तेथे दिवाणी न्यायालय.

१०/
येथे एक गुंताही आहे. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मीणा जमातीच्या एका दांपत्याबाबत म्हटले, की विवाह हिंदू रीतीने झाला असेल तर हिंदू विवाह कायद्याचा मार्ग बंद करता येत नाही. सप्तपदी झाली होती का, हा प्रश्न अशा रीतीने अधिकारक्षेत्राचा प्रश्न होऊन बसतो.

११/
आता मूळ मुद्दा, पुराव्याचा. २००१ मध्ये एका उरांव स्त्रीने संथाळ पतीच्या दुसऱ्या विवाहाविरुद्ध केलेली तक्रार सर्वोच्च न्यायालयापुढे होती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले: दोघे आदिवासी, हिंदू विवाह कायदा लागू नाही, जमातीत दुसरा विवाह अवैध ठरवणारी रूढी आहे हे तिने सिद्ध करावे. तिला ते जमले नाही. पुढच्याच वर्षी 'यमनाजी जाधव वि. निर्मला' प्रकरणात ठरले, की रूढीने विच्छेद झाल्याचे जो म्हणतो, त्यानेच ती रूढी विशेषत्वाने मांडावी आणि सिद्ध करावी.

१२/
कायद्याच्या तर्कात हे निर्दोष आहे. भामरागडच्या अंतरात नाही. जिल्हा न्यायालय दीडशे किलोमीटरहून अधिक दूर, साक्षीदार म्हणजे गावचा भूमिया आणि चार वृद्ध, त्यांची भाषा माडिया, न्यायालयाची मराठी व इंग्रजी. मौखिक समाजाकडे लेखी परंपरेचा पुरावा मागणे ही वसाहतकालीन सवय आहे आणि ती झगा बदलून टिकली आहे.

१३/
काही मार्ग मात्र या गुंत्याबाहेरचे आहेत आणि ते फार कमी सांगितले जातात. पोटगीची तरतूद (पूर्वीचे दंड प्रक्रिया संहितेचे कलम १२५, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४) जात-जमात पाहत नाही, आणि पुनर्विवाह न केलेल्या विभक्त पत्नीलाही ती मिळते. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ विवाहसदृश नात्यालाही संरक्षण देतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार प्रत्येक स्त्रीला आणि अनुसूचित जमातीच्या प्रत्येक व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो.

१४/
आणि जमीन. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ४(४) प्रमाणे विवाहितांचा वनपट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे होतो. दाव्याच्या नमुना 'अ' मध्ये दुसऱ्याच क्रमांकावर जोडीदाराचे नाव विचारले आहे. ही तरतूद क्रांतिकारक आहे. पण काडी मोडल्यावर त्या अर्ध्या पट्ट्याचे काय, यावर कायदा काही बोलत नाही. माहेरी परतलेली स्त्री कागदावर सहधारक आणि प्रत्यक्षात बेदखल, अशी अवस्था त्यातून उद्भवते. या दोन जिल्ह्यांत विवाहविच्छेदाचा सर्वांत गंभीर प्रश्न हाच आहे.

१५/
जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या वारसाहक्काचा निकाल दिला. खालच्या न्यायालयांनी मुलीच्या वारसांना सांगितले होते: स्त्रीला वाटा देणारी रूढी सिद्ध करा. सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्नच उलटा केला: वाटा नाकारणारी रूढी कोठे सिद्ध झाली आहे? आधार घेतला संविधानाच्या अनुच्छेद १४ मधील समतेचा, आणि त्याबरोबर १८७५ च्या त्या सहाव्या कलमातील न्याय, समता, सद्सद्विवेकाचा. तो कायदा स्वतः २०१८ मध्येच रद्द झाला होता.

१६/
हा निकाल वारशाचा आहे, विवाहविच्छेदाचा नाही. परंतु त्यातील न्याय विवाहालाही लावला पाहिजे. रूढी स्त्रीच्या विरोधात वापरायची असेल, तर ती सिद्ध करण्याचा भार वापरणाऱ्यावर असावा. कलम २(२) खालची अधिसूचना काढून सर्वांना एका कायद्यात ओढणे हा सोपा वाटणारा उपाय आहे. पण त्याने गावात आज सहज होणारी सुटका तालुक्याच्या न्यायालयातील तारखांवर टांगली जाईल.

१७/
दुसरे काम गावाचे आहे. पेसा कायदा १९९६ च्या कलम ४(घ) ने तंटे मिटवण्याची रूढ पद्धत जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि बांबूचा हिशेब स्वतः ठेवून दाखवला. ज्या ग्रामसभा बांबूची मोळी मोजून वहीत लिहू शकतात, त्या काडीमोडही लिहू शकतात. ती नोंद हुकूमनामा ठरणार नाही, पुरावा ठरेल.

१८/
यावर आक्षेप आहे आणि तो रास्त आहे: वही पुरुषांच्या हातात गेली तर? १९१६ च्या नोंदीतील चेटकिणीचा संशय उद्या ठरावाच्या भाषेत उतरेल. म्हणून नोंदीत चार गोष्टी तरी असाव्यात. स्त्रीचे म्हणणे तिच्याच भाषेत, ती स्वेच्छेने विभक्त होत आहे की तिला घालवले जात आहे, मुले कोणाकडे, आणि वनपट्ट्यातील तिचा हिस्सा कोण कसणार. खाली सह्या वा अंगठे, त्यांत किमान निम्मे स्त्रियांचे, आणि एक प्रत तिच्या हाती.