वेतन की मानधन?

देवासच्या एका वाचक भगिनींनी विचारलेला प्रश्न वरवर पाहता आयकराचा आहे. परंतु तसेच प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत अनेक घरांतून आमच्याकडे आले असल्यामुळे त्याचे उत्तर या पानावरच देणे आम्हांस उचित वाटते. त्यांचे चिरंजीव इंदूरच्या एका खाजगी शिकवणी संस्थेत पदार्थविज्ञान शिकवितात. दरमहा पंचेचाळीस हजार ठरले आहेत. त्यांतून साडेचार हजार कापून साडेचाळीस हजार हाती पडतात. नेमणुकीच्या कागदावर ‘स्वतंत्र व्यावसायिक’ असा उल्लेख आहे. मातोश्री विचारतात, ‘आमचा मुलगा नोकरीत आहे की धंद्यात?’

वाचकहो, आमची भाषा या बाबतीत मोठी बोलकी आहे. वेतन, मानधन, दक्षिणा, बिदागी, मजुरी ही सारी श्रमाच्या मोबदल्याची नावे असली, तरी प्रत्येकामागचे नाते वेगळे आहे. ‘पगार’ हा शब्द तर पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला आणि घरचाच होऊन बसला. गवयाला बिदागी देणारा यजमान त्याला कोणता राग गा, किती वेळ गा हे सांगत नसे. कारकुनाला पगार देणारा मात्र त्याच्या घड्याळाकडेही पाहतो. कायद्याने जो भेद केला आहे तो मुळात हाच आहे. सेवेचा करार निराळा आणि सेवा पुरविण्याचा करार निराळा. पहिल्यात माणूस दुसऱ्याच्या हुकमतीत काम करतो. दुसऱ्यात तो ठरलेले काम आपल्या रीतीने करून देतो.

कागदावर काय लिहिले आहे, एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही. सौराष्ट्रातील ध्रांगध्रा येथील मिठागरांचा खटला या विषयात आजही आधाराला घेतला जातो. तेथील अगरियांना मिठाचे वाफे नेमून दिले जात, मिठाच्या वजनावर पैसे मिळत, हजेरीपट नव्हता, कामाचे तास नव्हते, मदतीला माणसे ते आपल्या पैशाने लावीत. कंपनी म्हणाली, हे तर स्वतंत्र ठेकेदार! सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५६ मध्ये ते अमान्य केले. कामाच्या प्रत्येक टप्प्यावर कंपनीची देखरेख होती व कमी प्रतीचे मीठ ती नाकारीत असे. तेव्हा हे कामगारच, असा निर्णय झाला. पुढे १९७३ मध्ये हैदराबाद-सिकंदराबादच्या शिंप्यांचा प्रश्न त्याच न्यायालयापुढे आला. नगावर मजुरी, येण्याजाण्याची बरीच मोकळीक, काही जण तर कापड घरी नेऊन शिवीत. तरीही शिलाई यंत्रे दुकानदाराची आणि शिवण पसंत न पडल्यास उसवून पुन्हा करावयास लावण्याचा अधिकारही त्याचाच. तेथेही नोकरीचे नातेच ठरले. हैदराबादच्या आमच्या वाचकांपैकी वयोवृद्धांना त्या दुकानांची घरघर आठवत असेल.

हे दोन्ही निवाडे कामगारविषयक कायद्यांतले आहेत, आयकराचे नव्हेत, हे येथे सांगितले पाहिजे. आयकराच्या बाबतीत कसोटीचे सूत्र तेच असले तरी निकाल उलटही लागू शकतो. पुण्याच्या रूबी हॉल रुग्णालयातील सल्लागार डॉक्टरांचा मोबदला हा पगारच आहे, असे आयकर खात्याचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ते मानले नाही. करार समग्र वाचला पाहिजे आणि नोकरीचे म्हणून जे लाभ असतात ते या डॉक्टरांना नव्हते, हे त्यात महत्त्वाचे ठरले. त्यामुळे केवळ ठराविक रक्कम दरमहा मिळते म्हणून कोणी नोकर होत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

आता या चिरंजीवांकडे वळू. मातोश्रींच्या पत्रावरून दिसते ते असे : सकाळी आठ ते दुपारी चार हजर राहणे सक्तीचे, यंत्रावर अंगठा उमटवावा लागतो, टिपणे संस्थेने छापलेली, स्वतःची द्यावयाची नाहीत, आपल्या जागी दुसरा शिक्षक पाठविता येत नाही, अन्यत्र शिकविण्यास मनाई, एक दिवस न गेल्यास पैसे कापले जातात. विद्यार्थी कमी आले तर तोटा संस्थेचा, वाढले तर नफाही संस्थेचाच. हयात सरकारी शाळेच्या हजेरीपटावर सह्या करण्यात घालविलेल्या आम्हांस तरी या चित्रात स्वातंत्र्याचा अंशही दिसत नाही. हाच तरुण तीन संस्थांत दोन-दोन तास जाऊन आपल्या पद्धतीने शिकवीत असता आणि कोठे जावयाचे हे स्वतः ठरवीत असता, तर आमचे मत निराळे झाले असते.

मग संस्था असे का करते? पगार म्हटला की हिशेब ठेवावे लागतात, रजा द्यावी लागते, भविष्य निर्वाह निधी व उपदान यांचे प्रश्न उभे राहतात. मानधन म्हटले की दहा टक्के कापून मोकळे! मौज अशी की या मुलाच्या बाबतीत प्रत्यक्ष कराचा प्रश्न फारसा नाहीच. वर्षाचे उत्पन्न पाच लाख चाळीस हजार. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर उरत नाही. म्हणजे कापलेले चोपन्न हजार विवरणपत्र भरून परत मिळावयाचे. ज्याचे नुकसान होते ते रजेचे, निधीचे, नोकरीच्या अनुभवाच्या दाखल्याचे. घरासाठी कर्ज मागावयास गेल्यावर पगाराचा दाखला नाही, हेही तेव्हाच कळते.

आमचा सल्ला असा. नेमणुकीचा कागद, वेळापत्रके, रजा नाकारल्याचे संदेश जपून ठेवावेत. आयकर खात्याच्या वार्षिक विवरणात ही रक्कम कोणत्या सदराखाली दाखविली आहे ते पाहावे. तेथे व्यावसायिक फी आणि विवरणपत्रात पगार असा विसंवाद झाला तर विचारणा येण्याचा संभव असतो, म्हणून जाणत्या सनदी लेखापालास आधी भेटावे. १९६१ च्या कायद्याची जागा घेणारा २०२५ चा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. त्यात कलमांचे आकडे बदलले, पगार आणि व्यावसायिक उत्पन्न हा भेद बदललेला नाही. संस्थेला विचारणा करावयाची ती लेखी आणि सौम्य शब्दांत करावी.

‘निम्मे उत्पन्न खर्च म्हणून आपोआप वजा होते’ असे त्यांना कोणी सांगितले आहे. ती सोय वकील, डॉक्टर, अभियंता, वास्तुविशारद, लेखापाल अशा नेमून दिलेल्या व्यवसायांची. त्या यादीत शिक्षक नाही. राहिला मोटारसायकलच्या पेट्रोलचा प्रश्न. तो नोकरदार ठरला तर नव्या पद्धतीत पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट मिळते, तीत सारे आले. पेट्रोल वेगळे मागता येत नाही. स्वतंत्र व्यावसायिक ठरला तर धंद्यापुरताच खर्च मागता येईल, आणि त्याच्या पावत्या आजपासून एका पाकिटात तारीखवार ठेवाव्यात.