यंत्रसहायकाच्या हाती किल्ल्या किती?

बंगळूरचे चामराजपेट १८९२ साली आखले गेले. रस्ते सरळ, चौक काटकोनी, आणि पुष्कळ रस्त्यांस नावांऐवजी नुसते क्रमांक. कन्नड साहित्य परिषदेची वास्तू याच पेठेत आहे. पेठेची बोली मात्र एक नाही. मी राहते त्या गल्लीत कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू आणि आमची मराठी अशा पाच भाषा नांदतात. प्रत्येकाने प्रत्येक शेजाऱ्याची भाषा शिकावयाची म्हटले, तर एकेकास चार-चार भाषा शिकाव्या लागतील. तसे कोणी करीत नाही. भाजीवाल्यापाशी सारे कन्नडात बोलतात आणि व्यवहार सुरळीत चालतो.

यंत्रांच्या जगातही अलीकडे हीच अडचण उभी राहिली. कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायक आपणांशी चांगल्या मराठीत बोलतो, निबंध लिहून देतो, गणितही सोडवितो. पण आपल्या वाचनालयात आज कोणते पुस्तक शिल्लक आहे, हे त्यास ठाऊक नसते. त्यासाठी त्याची वाचनालयाच्या सूचीशी गाठ घालून द्यावी लागते. सहायक सहा आणि जोडावयाची साधने तीस असतील, तर प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र सांधा करावयाचा म्हणजे एकशेऐंशी सांधे झाले. सर्वांनी एकच व्यवहारभाषा मानली, तर छत्तिसांत काम भागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीने अशी एक व्यवहारभाषा प्रसिद्ध केली. तिचे नाव मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल. मार्च २०२५ मध्ये ओपनएआय या प्रतिस्पर्धी कंपनीने ती स्वीकारली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिची व्यवस्था लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील एका संस्थेकडे सोपविण्यात आली.

या व्यवहारभाषेत साधनाच्या बाजूने जो कार्यक्रम बोलतो, त्यास सर्व्हर म्हणतात. या शब्दास ‘सेवक’ हा प्रतिशब्द मला कोणीतरी सुचविला होता. मी तो घेतला नाही, कारण या सेवकाच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो. कचेरीतील खिडकीमागे बसणारा कारकून डोळ्यांसमोर आणावा, हे अधिक बरे. सहायकाने खिडकीशी येऊन विचारले, की कारकून प्रथम आपल्याकडून कोणकोणती कामे होतील त्यांची यादी देतो. प्रत्येक कामापुढे दोन ओळींचे वर्णन असते. ते वाचून सहायक ठरवितो, की आता कोणते काम सांगावयाचे.

असे सर्व्हर आज हजारोंनी उपलब्ध आहेत, आणि त्यांची तुलना करणारे तक्तेही निघत असतात. कोणाकडे कामांची यादी किती लांब, कोण किती जलद, कोण फुकट, अशा रकान्यांवर गुण दिलेले असतात. माझ्या मते हे रकाने दुय्यम आहेत. यादी लांब असणे हा तर पुष्कळदा दोषच ठरतो; कारण ती सारी यादी सहायकास वाचावी लागते, आणि एकसारख्या दिसणाऱ्या चाळीस कामांतून नेमके एक निवडताना त्याची गफलत होते. पहिला रकाना असावा तो हा, की या कारकुनास काय काय बदलता येते.

बंगळूरमधलीच दोन उदाहरणे घेऊ. शेअरबाजारात दलालीचा व्यवसाय करणाऱ्या झिरोधा कंपनीने २०२५ साली आपल्या काइट या सेवेसाठी असा सर्व्हर उघडला. ग्राहकाने परवानगी दिली, की सहायक त्याचे भागभांडार वाचू शकतो व त्यावर प्रश्नोत्तरे करू शकतो. कंपनी स्वतः चालविते त्या सर्व्हरात खरेदी-विक्रीची धोक्याची कामे मात्र वगळलेली आहेत. ती ज्यास हवीच असतील, त्याने तोच कार्यक्रम स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या जबाबदारीवर चालवावा. रेझरपे ही पैशांच्या देवघेवीची कंपनीही याच शहरातली. तिच्या सर्व्हरात केवळ वाचण्यापुरती मुभा ठेवण्याची सोय आहे. लांब यादीची प्रौढी मिरविण्यापेक्षा ही काटछाट मला अधिक विश्वासार्ह वाटते.

‘आम्ही एवढेच उघडतो’ असे म्हणणारा कारकून खरोखरच तेवढे उघडतो काय, हा पुढचा प्रश्न. मी माझा परिभाषाकोश संगणकावर एका कप्प्यात ठेवते. तो कप्पा सहायकास दाखविण्यासाठी मी जो सर्व्हर घेतला, तो या व्यवहारभाषेबरोबर नमुना म्हणून दिलेला होता. नेमून दिलेल्या कप्प्यांबाहेर तो जात नाही, अशी त्याची ख्याती. जुलै २०२५ मध्ये संशोधकांनी त्यातील एक दोष उघड केला. कप्प्याचे नाव ताडून पाहताना तो केवळ आरंभीची अक्षरे पाहत असे. म्हणजे पहारेकऱ्यास ‘घर क्रमांक १२ उघडे आहे’ असे सांगावे, आणि त्याने १२१ व १२७ क्रमांकांची घरेही मोकळी सोडावीत, कारण त्यांचा आरंभही बारानेच होतो! दोष दुरुस्त करण्यात आला. पण माझ्या कोशाच्या शेजारच्या कप्प्याचे नाव त्याच अक्षरांनी सुरू होत होते, आणि त्यात लोकांची पत्रे होती. ते वाचल्यावर मी उठून प्रथम त्या कप्प्याचे नाव बदलले, हे कबूल करते.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे, आणि भाषांतर हा ज्याचा व्यवसाय आहे त्यास ती चटकन उमगेल. ‘हे पत्र वाचताच जाळून टाक’ असे वाक्य भाषांतरासाठी समोर आले, तर मी त्याचे भाषांतर करते. काडी पेटवीत नाही. वाक्य कोणाचे, कोणास उद्देशून, हा भेद आम्हांस अंगवळणी पडलेला असतो. यंत्रसहायकास तो खात्रीने करता येत नाही. त्याच्यापुढे धन्याची आज्ञा आणि परक्याचा मजकूर एकाच प्रवाहात येतात. मे २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्स या संस्थेच्या संशोधकांनी हे प्रयोगाने दाखविले. गिटहब या भांडारात कार्यक्रम लिहिणारे लोक आपले लेखन ठेवतात; काही सर्वांसाठी, काही खाजगी. संशोधकांनी सार्वजनिक भागात तक्रारीच्या रूपाने एक आज्ञा लिहून ठेविली. मालकाने सहायकास ‘तक्रारी पाहा’ म्हणताच सहायकाने ती आज्ञा मानली, आणि खाजगी भागातील माहिती आणून सार्वजनिक भागात मांडली. सर्व्हराने यात एकही नियम मोडला नव्हता. त्याच्यापाशी दोन्ही कप्प्यांच्या किल्ल्या होत्या, इतकेच.

सायमन विलिसन या संगणकतज्ज्ञाने जून २०२५ मध्ये याचा सोपा हिशेब मांडला. खाजगी माहिती, परक्याचा मजकूर आणि बाहेर काही पाठविण्याचा मार्ग, या तीन गोष्टी एकाच सहायकाच्या हाती एकत्र येऊ देऊ नयेत. तुलनेच्या तक्त्यात हा हिशेब बसत नाही, कारण तेथे एकेका सर्व्हरास वेगळे गुण मिळतात. निर्दोष असे तीन सर्व्हर एका सहायकास जोडले, तरी धोका तयार होऊ शकतो.

कारकून कोणी नेमला, हेही पाहावे. सप्टेंबर २०२५ मध्ये पोस्टमार्क या टपालसेवेच्या नावाचा एक सर्व्हर उघडकीस आला. तो त्या कंपनीचा नव्हताच. त्याच्या पंधरा आवृत्त्या सरळपणे चालल्या. सोळाव्या आवृत्तीत एकच ओळ वाढली, आणि पाठविलेल्या प्रत्येक पत्राची एक प्रत गुपचूप बाहेर जाऊ लागली.

यावर आक्षेप येतो, की नुसता वाचणारा सर्व्हर काय कामाचा? शिवाय प्रत्येक बदलापूर्वी सहायक परवानगी विचारतोच की. आक्षेप अगदीच पोकळ नाही. ज्या कचेरीत दिवसाला शेकडो नोंदी होतात, तेथे लिहिण्याची मुभा द्यावीच लागेल. परंतु परवानगीच्या प्रश्नाचे म्हणाल, तर दहावेळा ‘होय’ म्हटलेला मनुष्य अकराव्या वेळी प्रश्न वाचत नाही. मी स्वतः वाचला नव्हता.

शाळांस व सार्वजनिक वाचनालयांस तर एवढी घाई नाही. ग्रंथसूची सहायकापुढे खुशाल ठेवावी; ती भिंतीवर लावण्याचीच वस्तू आहे. कोणी कोणते पुस्तक नेले, याची वही मात्र त्या सर्व्हराला जोडू नये. एखाद्या मुलीने घरी न सांगता कोणत्या आजाराचे पुस्तक नेले, हे ग्रंथपालाखेरीज कोणास कळण्याचे कारण नाही. विक्रेता म्हणेल, की वही जोडली तर सहायक वाचकाची आवड ओळखून पुस्तके सुचवील. ते काम ग्रंथपालाने करावे. त्यास वाचक तोंडओळखीने ठाऊक असतो.

माझ्या कोशाची आता एक प्रत सहायकापुढे असते, तीही केवळ वाचण्यापुरती. मूळ कोश दुसऱ्या यंत्रावर आहे. सहायक शब्द सुचवितो, संध्याकाळी मी ते चाळते, आणि पसंत पडलेले हाताने उतरविते. ‘सर्व्हर’पुढची जागा अद्याप कोरी आहे.