बाबांची जुनी गाडी, एक विद्यार्थी आणि माझी एक नोंद



आज पाठ, स्वाध्याय यातलं काही लिहीत नाही. मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत मी घरच्या पडवीत बाबांची जुनी मोटारसायकल खोलून परत बांधली, त्याबद्दल लिहिते. शाळेच्या ब्लॉगवर गाडीचं काय काम, असं वाटेल. पण वाचा, कारण गाडीपेक्षा ज्या मुलाने ती माझ्याबरोबर बांधली त्याचा प्रश्न मोठा आहे आणि तो अजून सुटलेला नाही.

गाडी हिरो होंडा सीडी १००. बाबांनी १९९१ साली घेतलेली. बाबा गेल्यावर ती गोठ्यात उभी होती, सीटवर कोंबड्या बसायच्या. भंगारवाल्याने अडीच हजार सांगितले आणि भाऊ द्यायला तयारही झाला. मी नाही म्हटलं. नाही म्हणायला काही लागत नाही, पुढचं काम मात्र मला येत नव्हतं. मी डी.एड. केलेली प्राथमिक शिक्षिका, पाना कसा धरतात तेही माहीत नाही.

त्याच आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई घरी आली. मुलगा पाचवीत माझ्या वर्गात होता, आता नववीतून दहावीत गेलेला. "बाई, जरा समजावून सांगा त्याला. पुस्तक उघडत नाही, सारखा गॅरेजात जाऊन बसतोय. कामाला नाही कोणी ठेवलेलं, नुसता बघत बसतोय." मी म्हटलं, पाठवा उद्या. खरं सांगायचं तर मनात त्याला समजवायचं कमी आणि गाडीचं काम जास्त होतं.

तो आला, गाडीभोवती दोनदा फिरला, किक हाताने दाबून बघितली आणि म्हणाला, "इंजिन जाम नाही बाई. होईल."

पहिले चार दिवस आम्ही फक्त खोलत होतो. त्याने माझ्याकडून रिकामे डबे मागून घेतले, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावली. टाकीचे बोल्ट, मडगार्डचे बोल्ट, इंजिनचे वेगळे. मी प्रत्येक भाग काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढायचे. टाकीत आतून गंज होता. त्यात व्हिनेगर आणि मूठभर बारीक खडी घालून दोन दिवस हलवत राहिलो, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवली. कार्बोरेटरचा जेट जुन्या पेट्रोलच्या चिकट राळेने बंद झालेला. केसाएवढं भोक, पण ते बंद म्हणजे गाडी बंद. वर्गात वर्गीकरण शिकवताना आम्ही पाने-फुले-दगड गोळा करायला सांगतो. इथे वर्गीकरण चुकलं तर गाडी उभी राहणार नव्हती, त्यामुळे ते सांगावं लागलं नाही.

एक चूक माझ्या हातून झाली. इंजिनच्या झाकणाचा बोल्ट घट्ट बसावा म्हणून मी जोर लावला आणि आतले आटे गेले. ॲल्युमिनियम मऊ असतं हे मी पुस्तकात वाचलं होतं, शिकवलंही होतं. त्याने बोल्ट हातात घेऊन बघितला, रागावला नाही. म्हणाला, "हाताला कळलं पाहिजे बाई, कुठं थांबायचं ते." लेथवाल्याकडे जाऊन नवे आटे पाडून आणावे लागले.

आता मुख्य गोष्ट. पिस्टन आणि सिलिंडर झिजलेले होते, बोअर मारावं लागणार होतं. माहितीपुस्तिकेत लिहिलेलं होतं: बोअर ५० मि.मी., स्ट्रोक ४९.५ मि.मी., इंजिन ९७.२ सीसी. मी सहज म्हटलं, ही सीसी कुठून येते माहीत आहे का? सीसी म्हणजे घनसेंटिमीटर. पिस्टन खालून वर जाताना जेवढी जागा व्यापतो तेवढं घनफळ. म्हणजे आठवीच्या पुस्तकातलं वृत्तचितीचं घनफळ, दुसरं काही नाही. तो मोबाईल घेऊन बसला. ३.१४ गुणिले ५ गुणिले ५ गुणिले ४.९५. उत्तर आलं ३८८.५७.

तो उत्तराकडे बघून हसायलाच लागला. "बाई, हे बुलेटपेक्षा मोठं आलं की ओ!"

मी काही बोलले नाही. दोन मिनिटांनी तोच म्हणाला, "पाच तर पूर्ण रुंदी झाली. निम्मी घ्यायला पाहिजे." त्रिज्या २.५ घेतली. ९७.१४ आलं. मग कोणी न सांगता पुढचं गणित केलं. नवा पिस्टन अर्धा मिलिमीटर मोठा, म्हणजे बोअर ५०.५. त्रिज्या २.५२५. उत्तर ९९.१०. "म्हणजे बोअर मारलं की गाडी जवळजवळ दोन सीसीने वाढतीय."

शिक्षक मित्रांनो, या ठिकाणी मी थांबले, कारण मला त्याचं पाचवीचं प्रगतिपुस्तक आठवलं. गणिताच्या वर्णनात्मक नोंदीत मी लिहिलं होतं, 'उदाहरणे सोडवण्यात रस घेत नाही. सरावाची गरज आहे.' दोन्ही वाक्ये मी नोंदींच्या तयार यादीतून उतरवली होती. तुम्हीही उतरवता, आपण सगळेच उतरवतो, चाळीस मुलांच्या नोंदी एका संध्याकाळी दुसरं काय करणार. पण व्यास आणि त्रिज्येचा घोळ वर्गातली हुशार मुलंही करतात आणि ३८८ उत्तर खाली दोन रेघा मारून आणून देतात. उत्तर शक्य आहे का, हा प्रश्न त्यांना पडत नाही. याला पडला, कारण ३५० सीसीची बुलेट केवढी असते आणि ही गाडी केवढी, हे त्याच्या डोळ्यांना माहीत होतं.

म्हणून माझं मत असं आहे की जुनी गाडी घरी बांधणं हे शिक्षण आहे. शिक्षणासोबतचा छंद म्हणून त्याला बाजूला काढू नये. आपल्याकडे कार्यानुभव नावाचा विषय वर्षानुवर्षे वेळापत्रकात आहे. डी.एड.ला आम्ही त्यात कागदी फुलं आणि फाईल कव्हरं केली, आज वर्गात मुलं राख्या आणि आकाशकंदील करतात. वाईट नाही, पण कागदी फूल चुकलं तरी फूलच दिसतं. महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, ती आपण परीक्षेपुरती पाठ केली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून उभ्या राहिलेल्या कार्यक्रमात शाळेतली आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातून एक दिवस लोखंडकाम, वीज, शेती असली खरी कामं करतात. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना आहेत, त्या दिवसांत मुलांनी स्थानिक कारागिरांकडे शिकावं असं लिहिलं आहे. त्या यादीत सुतार, कुंभार, माळी चालतात. मग गॅरेजवाला का नको? त्याच्या हाताला काळं ऑईल असतं म्हणून? (चौदा वर्षांखालच्या मुलाला गॅरेजात कामाला ठेवणं हा गुन्हा आहे, त्याचं समर्थन मी करत नाही. शिकणं आणि राबवून घेणं यात फरक आहे.)

पालकांची भीती मात्र मी खोटी मानत नाही. मुलांना मोबाईलवर दिसते ती मागून कापलेली, बसकी, आवाज करणारी गाडी. यालाही तेच हवं होतं. "बाई, मागची चेसी कापू, छोटी सीट टाकू, कॅफे रेसर करू." मी नाही म्हटलं आणि आमचं पहिलं भांडण झालं. दोन दिवस तो आलाच नाही.

तिसऱ्या दिवशी आला तेव्हा मी त्याच्यासमोर कायदा ठेवला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. कंपनीने ज्या मूळ रचनेवर गाडी मंजूर करून घेतली, तिला सोडून बदल करता येत नाही. बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तो म्हणाला, "मग कस्टम काय राहिलं?" प्रश्न बरोबर होता. चेसीला हात न लावता काय आपलं करता येईल, यावर आम्ही एक आख्खी दुपार घालवली. सीट शिवणाऱ्याकडून जाड कॅनव्हासची सीट, तांबड्या दोऱ्याची शिलाई. मागे कॅरिअर, त्याला वह्यांचे गठ्ठे मावतील अशी ताडपत्रीची पिशवी. रंग आरसी बुकात काळा आहे तर काळाच, पण टाकीवर बाबांच्या सहीची रेघ, त्यांच्या जुन्या वहीवरून उतरवलेली. पॉलिश पेपर, लांबी, प्रायमर, परत पॉलिश पेपर, हे तो न कंटाळता करत होता. शुद्धलेखनाच्या पाच ओळींना कंटाळणारा मुलगा!

गाडी जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाली. एकूण खर्च सतरा हजारांच्या वर गेला. एवढ्यात वापरलेली चांगली गाडी मिळाली असती, असं भाऊ अजून म्हणतो आणि ते खरं आहे. जुनी गाडी बांधणं स्वस्त पडतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वर कागदपत्रं. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते, ती संपलेली. बाबांच्या नावावरून वारस म्हणून माझ्या नावावर करायची, विमा, पीयूसी, तपासणी. चेसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून नंबर उतरवला, तेव्हा तो म्हणाला, "बाई, हे आपण दुसरी-तिसरीत नाण्यावर करायचो."

त्याच्या आईला मी काय सांगितलं? सांगितलं की तो आयटीआयला मोटार मेकॅनिक व्हायचं म्हणतोय, पण त्यालाही दहावी पास व्हावं लागतं, म्हणून गणिताला रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊ दे. त्या खूश झाल्या नाहीत. "आमचं आयुष्य हात काळे करण्यात गेलं बाई, त्याचं तरी..." एवढंच बोलल्या. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर मला खरंच हवं आहे. संध्याकाळी तो येतो. बीजगणित अजून कच्चंच आहे, सहामाहीला पस्तीसच्या आत-बाहेर होईल.

गाडी चालवायला मात्र मी त्याला दिलेली नाही. गिअरच्या गाडीचा परवाना अठराला, आणि अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालक-मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ज्याने बांधली तोच चालवू शकत नाही, हे त्याला फार लागलं.

कागदपत्रं हातात आली त्या दिवशी मी त्याला मागे बसवलं. दोघांनी हेल्मेट घातलं. गावाबाहेरच्या सरळ रस्त्याला मी चौथा गिअर टाकला आणि मला वाटलं, आता तो काहीतरी आनंदाचं बोलेल. मागून ओरडून म्हणाला, "बाई, टॅपेट वाजतंय. घरी गेल्यावर परत खोलूया."